वरचे अंगण, खालचे अंगण

जमिनीचा उतार आधीचा असतो व मालकीच्या हद्दी त्यानंतरच्या. मोजणीदाराने साखळी टाकून हद्दीचे दगड रोवले म्हणजे कागदावर दोन स्वतंत्र भूखंड तयार होतात. परंतु पावसाच्या दृष्टीने ते एकाच उताराचे दोन भाग राहतात. वरच्या अंगणात पडलेले पाणी खालच्या अंगणात उतरणे हा निसर्गक्रम होय व त्यात कोणाचाही अपराध नसतो. तंटा उद्भवतो तो या क्रमात माणसाने फेरफार केल्यावर. वरचा मालक घर बांधतो, अंगणात फरशी घालतो व पूर्वी जमिनीवर पसरून झिरपणारे पाणी एका नळीतून हद्दीवर आणून सोडतो. किंवा खालचा मालक भराव घालून व भिंत उभारून पिढ्यान्‌पिढ्या वाहणारे पाणी अडवितो. वाटेच्या व बांधाच्या तंट्यांइतकाच हा तंटा जुना आहे आणि तो न्यायालयात जाण्यापूर्वी बहुधा दोन घरांतील बोलणे बंद झालेले असते.

प्रस्तुत प्रकरणात प्रथम पाण्याचा हिशेब, मग जुन्या घररचनेतील व्यवस्था, त्यानंतर कायदा आणि शेवटी उपाय अशा क्रमाने या विषयाचा विचार केला आहे.

पाण्याचा हिशेब

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी जमते. एवढे ध्यानात ठेवले की बाकीचा हिशेब कोणासही घरबसल्या करता येतो. उदाहरणार्थ, ३०० चौरस मीटरांचा एक भूखंड घेऊ. एका तासात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर या भूखंडावर १५,००० लिटर पाणी पडेल. पश्चिम किनाऱ्यावर अशी सर नवलाची नाही आणि वळवाच्या दिवसांत दख्खनच्या पठारावरही ती येते.

भूखंड मोकळा आहे, माती पोयट्याची आहे व तिच्यावर गवत आहे, अशा स्थितीत पडलेल्या पाण्याचा साधारणतः पाचवा हिस्सा वाहून जातो. म्हणजे खालच्या अंगणात ३,००० लिटर पाणी उतरते, आणि तेही सबंध हद्दीवर पसरून, संथपणे. आता या भूखंडावर १५० चौरस मीटर छपराचे घर उभे राहिले, १०० चौरस मीटर जागेत फरशी बसली आणि केवळ ५० चौरस मीटर माती उघडी राहिली असे समजू. छपरावरील नव्वद टक्के पाणी वाहते, म्हणजे ६,७५० लिटर. फरशीवरील ऐंशी टक्के धरले तर ४,००० लिटर, आणि मातीवरील ५०० लिटर. एकूण ११,२५० लिटर झाले. पाऊस तोच, उतार तोच. पण खालच्या शेजाऱ्याच्या वाट्यास येणारे पाणी पावणेचार पट झाले.

पावसाची तीव्रता, क्षेत्रफळ व वाहून जाणाऱ्या पाण्याचा गुणांक यांचा गुणाकार करून प्रवाह काढण्याची ही पद्धत आयर्लंडमधील अभियंता मुल्व्हेनी याने १८५१ मध्ये मांडली व अमेरिकेत कुइचलिंग याने १८८९ मध्ये ती शहरांच्या गटारांसाठी वापरात आणली. लहान क्षेत्रांसाठी अभियंते आजही तिचाच आधार घेतात. गुणांक मात्र स्थिर मानणे बरोबर नव्हे. श्रावणापर्यंत माती पाण्याने तुडुंब झाली की मोकळे अंगणही फरशीसारखे वागू लागते. काळ्या मातीचे तर विशेषच आहे. उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात व पहिल्या सरींचे पाणी त्या गिळून टाकतात. एकदा ती फुगून भेगा मिटल्या की पाणी आत शिरण्यास वाटच उरत नाही. त्यामुळे 'पाणी माझ्या आज्यापासून इकडूनच जाते' हे वरच्या मालकाचे म्हणणे खरे असले तरी पुरेसे नसते. वाट जुनी असेल; पाणी नवे आहे.

परिमाणाइतकेच महत्त्व वेगाला आहे. गवतातून पाणी वाट काढीत जाते, तर छपरावरील पाणी पन्हळीतून काही क्षणांत खाली येते. चार इंची नळीतून एकाच जागी पडणारी धार थोड्याच दिवसांत मातीत खळगा पाडते, खळग्याचा ओघळ होतो आणि ओघळ शेजाऱ्याच्या जोत्याकडे सरकू लागतो. पसरून वाहणारे पाणी एकत्र करून सोडणे हीच बहुतेक तंट्यांच्या मुळाशी असलेली गोष्ट होय.

अपवादात्मक पावसाचा विचार वेगळा करावा लागतो. मुंबईत सांताक्रूझ येथे २६ जुलै २००५ रोजी सुरू झालेल्या पावसाने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटरांची मजल गाठली. वर घेतलेल्या भूखंडावर तेवढ्या पावसाचे २ लाख ८३ हजार लिटर पाणी पडते. इतके पाणी कोणत्याही घरगुती व्यवस्थेत मावणार नाही. अशा दिवशी पाणी कोणत्या वाटेने गेल्यास कमीत कमी हानी होईल, एवढेच आधी ठरविता येते व ती वाट मोकळी ठेवता येते.

जुनी घरे व त्यांचे पाणी

छपराच्या पाण्याविषयीचे नियम या देशात फार प्राचीन आहेत. कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात घरांविषयीच्या वादांचा विचार आला आहे. घराबाहेर पाणी नेणारा मार्ग पुरेशा उताराचा असावा, तो शेजाऱ्याच्या भिंतीपासून ठराविक अंतर सोडून काढावा व हा नियम मोडणाऱ्यास ५४ पण दंड करावा, असे तेथे सांगितले आहे. शेजारच्या घरांची छपरे एकमेकांपासून चार अंगुळे दूर असावीत किंवा एकाने दुसऱ्यावर यावे, असाही नियम आहे. दुसरा पर्याय वरवर पाहता चमत्कारिक वाटतो. पण दोन वळचणींमधील अरुंद फटीत पाणी पडून दोन्ही भिंती कुजण्यापेक्षा एका छपराचे पाणी दुसऱ्यावर जाणे पुष्कळदा हिताचे असते, हे कोणताही जुना गवंडी मान्य करील. रस्त्यात चिखल किंवा पाणी तुंबविणाऱ्यासही याच ग्रंथात पाव पण दंड आहे व राजमार्गावर तो दुप्पट आहे.

नियमांपेक्षा घराची रचनाच कित्येक ठिकाणी हा प्रश्न सोडवीत असे. तमिळनाडूच्या चेट्टिनाड भागातील वाड्यांची छपरे आतील चौकाकडे उतरतात. चौकात पडलेले पाणी भांड्यांत साठवीत आणि उरलेले गावाच्या तळ्याकडे, म्हणजे 'ऊरणी'कडे, जाऊ देत. केरळच्या नालुकेट्टूमधील नडुमुट्टम व महाराष्ट्रातील वाड्याचा चौक यांच्यामागेही काही अंशी हाच विचार दिसतो. आत वळविलेले पाणी घरातून बाहेर कोठे काढायचे, हे मालकाला स्वतःच ठरवावे लागते. ते शेजाऱ्याच्या भिंतीवर आपोआप पडत नाही.

बंगालमधील रचना याहून वेगळी व अधिक चतुर आहे. तेथील सखल प्रदेशात घरासाठी उंचवटा करावयाचा तर माती खणावी लागते, आणि माती खणली की खड्डा पडतो. या खड्ड्याचे पुकुर, म्हणजे घरचे तळे, होते. अंगणातील पाणी पुकुरात उतरते, त्यात मासे वाढतात, धुणीभांडी होतात. भराव व साठवण ही एकाच कुदळीने केलेली कामे असल्यामुळे शेजाऱ्याकडे लोटण्यास फारसे पाणी उरत नाही. शहरे वाढली तसे असे असंख्य पुकुर बुजविले गेले. उंचवटे मात्र राहिले, आणि पाणी शेजाऱ्याकडे वळले.

आधुनिक वसाहतींत नेमका हाच दोष आहे. तेथे भराव असतो, खड्डा नसतो. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे जोते भोवतालच्या जमिनीपासून किमान ४५० मिलिमीटर उंच हवे. तो नियम योग्यच आहे. परंतु रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर चढतो व रस्ता उंच होतो. मग नवे घर बांधणारा आपले जोतेच नव्हे तर सबंध आवार रस्त्याच्या वर आणतो. त्याच्या शेजारी त्याहून वर जातो. या चढाओढीत ज्याचे घर सर्वांत जुने, त्याचे अंगण आळीतले तळे होते. त्याने काहीही केलेले नसते.

कायद्याची भूमिका

या विषयावरील मूळ कायदा म्हणजे भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२. तो प्रथम मद्रास इलाखा, मध्य प्रांत व कूर्ग यांना लागू झाला आणि १८९१ मध्ये मुंबई इलाखा व संयुक्त प्रांत यांना लावण्यात आला. जेथे तो लागू नव्हता तेथेही न्यायालयांनी पुष्कळदा त्यातील तत्त्वे न्याय्य म्हणून स्वीकारली.

अधिनियमाचे सातवे कलम जमिनीच्या मालकाचे स्वाभाविक हक्क सांगते. त्यातील एका उदाहरणानुसार वरच्या जमिनीत स्वाभाविकपणे उगवणारे किंवा तिच्यावर पडणारे आणि निश्चित पात्रातून न वाहणारे पाणी लगतच्या खालच्या जमिनीकडे स्वाभाविकपणे वाहू देणे, हे खालच्या मालकावर बंधनकारक आहे. याचा अर्थ असा की उताराच्या पाण्यासमोर बांध घालून ते वर तुंबविण्याचा अधिकार खालच्या मालकास सामान्यतः नाही. याच कलमातील दुसऱ्या एका उदाहरणाने मालकास आपल्या हद्दीतील असे विखुरलेले पाणी गोळा करण्याची व त्याची विल्हेवाट लावण्याची मुभा दिली आहे. 'हद्दीतील' हे येथे महत्त्वाचे आहे. आपल्या आवारात तळे करावे, टाकी करावी, पाणी जिरवावे; त्यास कोणाची परवानगी लागत नाही.

वरच्या मालकास मिळणारे संरक्षण मात्र 'स्वाभाविकपणे' या शब्दापाशी थांबते. छप्पर ही निसर्गाची वस्तू नव्हे. छपरावर गोळा झालेले पाणी पन्हळीतून शेजाऱ्याच्या जागेत सोडण्याचा स्वाभाविक हक्क कोणालाही नाही; तसा हक्क हवा असेल तर तो शेजाऱ्याकडून मिळवावा लागतो किंवा दीर्घ वहिवाटीने सिद्ध करावा लागतो. प्राचीन रोमन कायद्यातही हाच भेद होता. पावसाच्या पाण्याविषयीची तक्रार तेथे केवळ उताराबद्दल चालत नसे. माणसाच्या हातून काही बांधकाम घडले असेल व त्यामुळे पाण्याचा त्रास होत असेल, तरच ती चाले.

वहिवाटीची मुदत पंधराव्या कलमात दिली आहे. वीस वर्षे शांततेने, उघडपणे, अखंडितपणे व हक्क म्हणून उपभोग झाला असेल तर सुविधाधिकार प्राप्त होतो. सरकारी जमिनीच्या बाबतीत ही मुदत तीस वर्षांची आहे. येथे 'हक्क म्हणून' या शब्दांकडे दुर्लक्ष करून पुष्कळ लोक फसतात. शेजाऱ्याने स्नेहापोटी 'सोडा पाणी, काही हरकत नाही' असे म्हटले असेल, तर ती परवानगी ठरते आणि परवानगीतून वहिवाटीचा हक्क निर्माण होत नाही. उलटपक्षी, नाराज असूनही वीस वर्षे गप्प बसलेल्या शेजाऱ्याला पुढे तक्रार करण्यास जागा उरत नाही. सद्‌भावाने दिलेली मुभा दोन ओळींत लिहून ठेवणे हे म्हणून दोघांच्याही हिताचे असते. त्यात अविश्वासाचे काही नाही.

हक्क मिळाला तरी तो वाढविता येत नाही. तेविसाव्या कलमात वळचणीचे उदाहरण दिले आहे. ज्याला आपल्या पागोळ्यांचे पाणी शेजारच्या जमिनीवर पाडण्याचा हक्क आहे, त्याने वळचण पुढे वाढवून त्या जमिनीवरील भार वाढवू नये. या उदाहरणावरून आजच्या कित्येक तंट्यांचा निकाल लावता येईल. कौलारू छप्पर काढून तेथे दोन मजली इमारत बांधली व पूर्वी वीस हात लांबीच्या वळचणीवरून ठिबकणारे पाणी एका नळीतून सोडले, तर 'पाणी पूर्वीही पडतच होते' एवढ्याने भागत नाही.

छत्तिसावे कलम सामान्य माणसास फारसे ठाऊक नसते, आणि ते ठाऊक असते तर पुष्कळ मारामाऱ्या टळल्या असत्या. सुविधाधिकारात अडथळा आला तरी हक्कदाराने तो अडथळा स्वतः दूर करू नये, असे ते सांगते. शेजाऱ्याने मोरी बुजविली म्हणून पहार घेऊन ती फोडण्यास कायद्याची संमती नाही. न्यायालयाकडून मनाईहुकूम किंवा भरपाई मागावी लागते.

शेतजमिनीसाठी जुन्या मुंबई इलाख्यात, म्हणजे आजच्या महाराष्ट्र व गुजरातच्या बहुतेक भागात, एक अधिक जवळचा मार्ग आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ याच्या पाचव्या कलमान्वये, शेती, चराई किंवा झाडे-पिके यांसाठी वापरात असलेल्या जमिनीवर पडणारे पाणी लगतच्या जमिनीकडे स्वाभाविकपणे जात असता कोणी अधिकार नसताना अडथळा उभारला व त्यामुळे नुकसान झाले किंवा होण्याचा संभव असला, तर तो काढून टाकण्याचा हुकूम मामलेदार देऊ शकतो. दावा मात्र कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत आणावा लागतो. पावसाळा संपेपर्यंत वाट पाहून, मग दिवाळी आटोपून तक्रार करावी म्हणणाऱ्याची मुदत बहुधा निघून जाते.

साठविलेल्या पाण्याचा प्रश्न १८७४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे आला होता. मद्रास रेल्वे कंपनीने कार्वेटीनगरच्या जमीनदाराविरुद्ध तो दावा केला होता. अतिवृष्टीत जमीनदाराच्या ताब्यातील तलाव फुटले व त्यांच्या पाण्याने रेल्वेमार्ग वाहून गेला. इंग्लंडमध्ये थोड्याच वर्षांपूर्वी, १८६८ मध्ये, असा सिद्धांत प्रस्थापित झाला होता की आपल्या जमिनीत पाणी साठविणारा ते निसटल्यास हयगय नसतानाही जबाबदार असतो. प्रिव्ही कौन्सिलने तो येथे लावला नाही. हे तलाव प्राचीन असून लोकांच्या निर्वाहासाठी ते राखणे जमीनदारास भाग होते. त्याची हयगय सिद्ध झाली नाही, म्हणून तो जबाबदार ठरला नाही. निर्णय तलावांपुरता आहे. आवारातील शोभेच्या कुंडाला किंवा गच्चीवरील टाकीला तो ढाल म्हणून वापरता येईल असे समजू नये.

दाव्याची एक व्यावहारिक अडचण सांगितली पाहिजे. न्यायालय स्थळपाहणीसाठी आयुक्त नेमते; तो येतो तेव्हा पुष्कळदा माघ-फाल्गुन चालू असतो व अंगणे कोरडी ठणठणीत असतात. पाणी कोठून येत होते हे साक्षीदारांच्या तोंडून ऐकावे लागते, आणि साक्षीदार हे दोन्ही बाजूंचे नातेवाईक असतात. भर पावसात घेतलेली, तारीख असलेली छायाचित्रे व जमिनीच्या पातळ्यांची नोंद यांना त्यामुळे मोठे मोल येते. पातळी काढण्यास यंत्र लागते असे नाही. पारदर्शक नळीत पाणी भरून तिची दोन टोके दोन खुंट्यांशी धरली की दोन्हीकडील पाणी एका पातळीत राहते. गवंडी नेहमी हीच युक्ती वापरतात. दोन्ही शेजाऱ्यांनी एकेक टोक धरून हे माप घेतले, तर अर्धा वाद तेथेच मिटण्याजोगा असतो.

भिंतीमागचे पाणी

आतापर्यंत ओल, चिखल व कुजलेले जोते यांचा विचार झाला. दोन अंगणांच्या पातळीत फरक असेल व मध्ये भिंत असेल, तर प्रश्न प्राणांचा होतो.

२ डिसेंबर २०१९ रोजी पहाटे तमिळनाडूच्या कोइम्बतूर जिल्ह्यात मेट्टुपाळयमजवळील नडूर येथे मुसळधार पावसात सुमारे वीस फूट उंचीची आवारभिंत कोसळली. तिच्या पायथ्याशी असलेली घरे ढिगाऱ्याखाली सापडून १७ माणसे मृत्युमुखी पडली. मृत दलित समाजाचे होते. भिंत शेजारच्या खाजगी मालमत्तेची होती. आपल्याला वेगळे ठेवण्यासाठीच ती एवढी उंच बांधली होती व तिच्या धोक्याविषयी आपण आधीच तक्रार केली होती, असे रहिवाशांचे म्हणणे होते. त्याच वर्षी २९ जूनच्या रात्री पुण्याच्या कोंढवा भागात एका गृहसंकुलाची भिंत शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या झोपड्यांवर पडून १५ जण दगावले.

अशा दुर्घटनांत पावसाला दोष दिला जातो. पण भिंत पावसाने पडत नाही. तिच्यामागे साठून राहिलेल्या पाण्याच्या दाबाने पडते. भिंतीमागे दोन मीटर उंचीपर्यंत पाणी चढले, तर भिंतीच्या दर मीटर लांबीस सुमारे दोन टनांचा रेटा बसतो. पाण्याची उंची दुप्पट झाली की रेटा चौपट होतो. ओल्या मातीचा दाब याशिवाय वेगळा. साधी नऊ इंची आवारभिंत वारा व गुरे अडविण्यापुरती बांधलेली असते. तिच्यामागे भराव टाकून तिला धरणभिंतीचे काम करावयास लावणे म्हणजे संकट ओढवून घेणे होय. वरचा मालक आपले आवार सपाट करण्यासाठी असा भराव टाकतो तेव्हा जुन्या भिंतीवर त्याने कोणता भार टाकला आहे हे वरून दिसत नाही. फायदा वरच्याचा होतो, व भिंत कोसळते ती नेहमी खालच्याच्या अंगावर. म्हणूनच या बाबतीत खालच्या रहिवाशाची तक्रार कटकट न समजता सूचना समजली पाहिजे.

भराव धरणारी भिंत बुंध्याशी रुंद हवी, आणि तिच्यातून पाणी निघण्यास छिद्रे हवीत. ७५ ते १०० मिलिमीटर व्यासाच्या नळ्या दीड-दोन मीटर अंतराने, किंचित बाहेरच्या बाजूस उतरत्या बसवितात व त्यांच्या मागे गोटे आणि खडी भरतात, म्हणजे माती वाहून येऊन छिद्रे बुजत नाहीत. या छिद्रांतून येणारे पाणी खालच्या अंगणात पडते म्हणून कित्येकदा खालचा मालक ती सिमेंटने लिंपून टाकतो. त्याचा त्रागा समजण्यासारखा आहे, पण तो आपल्याच घरावरील भिंतीचा घात करीत असतो. छिद्रांखाली भिंतीच्या पायथ्याशी पक्की नाली काढणे हा त्यावरील उपाय असून तिचा खर्च वरच्या मालकाने सोसणे न्याय्य होय.

भिंतीचे पोट पुढे आले आहे, तिरकी तडे गेली आहेत, पूर्वी वाहणारी छिद्रे पाऊस असूनही कोरडी आहेत, किंवा भिंतीलगतच्या वरच्या जमिनीत तिला समांतर भेग पडली आहे, अशा खुणा दिसल्या तर पायथ्याच्या घरात पावसाळी रात्री झोपू नये. पडाऊ बांधकामामुळे शेजारच्यांच्या जिवास धोका असेल तर ते दुरुस्त करण्याचा किंवा पाडण्याचा सशर्त आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतो. पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १३३ व्या कलमात होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १५२ व्या कलमात आहे. दिवाणी दाव्यापेक्षा हा मार्ग लवकरचा आहे.

उपायांचा विचार

वर घेतलेल्या भूखंडाकडे पुन्हा वळू. बांधकामामुळे एका तासात ८,२५० लिटर पाणी अधिक वाहू लागले. दीड मीटर लांब, रुंद व खोल असा शोषखड्डा करून त्यात गोटे भरले, तर गोट्यांमधील पोकळी सुमारे चाळीस टक्के धरता येईल. म्हणजे त्यात जेमतेम १,३५० लिटर पाणी मावेल. असे सहा खड्डे केले तरी सबंध जादा पाणी त्यांत सामावणार नाही. एक खड्डा खणून कर्तव्य पार पडले असे मानणाऱ्यांनी हा हिशेब करून पाहावा. काळ्या मातीत तर भरलेला खड्डा रिकामा होण्यासही फार काळ जातो.

फरशी काढून तेथे माती व गवत ठेवले, किंवा सांधे मोकळे ठेवून दगड बसविले, तर मात्र या एका गोष्टीने सुमारे ३,००० लिटर पाणी वाचू शकते. म्हणजे दोन खड्ड्यांहून अधिक काम झाले, आणि तेही न खणता. छपराचे पाणी ५,००० लिटरांच्या टाकीत घेतले तर बाहेर जाणारे पाणी ३,२५० लिटरांवर येते. घर बांधण्यापूर्वी ते ३,००० लिटर होते. म्हणजे शेजाऱ्याची स्थिती जवळजवळ पूर्ववत होते. यात एक अट आहे: सर येते तेव्हा टाकी रिकामी हवी. आषाढात काठोकाठ भरून ठेवलेली टाकी शेजाऱ्याच्या दृष्टीने नसल्यासारखीच होय. टाकीच्या वरून वाहणारे पाणी त्यासाठी शोषखड्ड्याकडे किंवा विहिरीकडे न्यावे. केरळच्या त्रिशूर जिल्ह्यात २००८ मध्ये सुरू झालेल्या 'मळप्पोलिमा' या योजनेत छपराचे पाणी गाळून उघड्या विहिरींत सोडण्यात आले. हेतू विहिरींचे पाणी टिकविण्याचा होता, पण तेवढेच पाणी अंगणांतून वाहण्याचेही थांबते. तमिळनाडूने २००३ मध्ये सर्व इमारतींना पर्जन्यजल संधारण सक्तीचे केले, तेव्हापासून इतर राज्यांच्या बांधकाम नियमांतही अशा तरतुदी येत गेल्या आहेत.

घराभोवतीच्या पहिल्या दोन-तीन मीटरांत जमीन भिंतीपासून दूर उतरती ठेवावी. वीसास एक हा उतार पुरेसा होतो. शोषखड्डा दोन्ही घरांच्या पायापासून निदान तीन मीटर दूर हवा. हद्दीला खेटून खणलेला खड्डा आपले पाणी जमिनीखालून शेजाऱ्याच्या पायात सोडतो, आणि ते दिसत नसल्यामुळे वाद अधिकच चिघळतो.

हद्दीवर भिंतच हवी असेही नाही. म्हैसूरजवळच्या गुंडलुपेट भागातील शेतकरी बांधांवर वाळ्याच्या दाट ओळी पुष्कळ काळापासून राखीत आले आहेत. वाळ्याची मुळे सरळ खोल जातात व बाजूस पसरून पीक खात नाहीत. पाणी त्या ओळीतून गाळून, पसरून खाली जाते आणि माती वर राहते. १९८० नंतरच्या दशकात जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनी या गवताचा मोठा प्रसार केला. परसाच्या उतारावरही ते उत्तम वाढते. वरच्याला माती हवी असते व खालच्याला चिखल नको असतो. वाळ्याची ओळ दोघांचेही काम करते.

जेथे उतार मोठा व जागा थोडी, तेथे हद्दीलगत एकच सामाईक नाली काढून ती रस्त्याच्या गटारापर्यंत नेणे हाच खरा उपाय असतो. पक्क्या नालीस शंभरास एक उतार असला तर गाळ फारसा बसत नाही. अशा नालीविषयी लेखी करार करून तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घेतल्यास घर विकले गेल्यावर नव्या मालकाशी पहिल्यापासून बोलणी करावी लागत नाहीत. करारात नालीची जागा, रुंदी, खोली व दोन्ही टोकांच्या पातळ्या नकाशासह द्याव्यात. कोणत्या छपराचे किती पाणी तिच्यात येईल ते लिहावे. छप्पर वाढविल्यास नाली कोणी रुंदावावी हेही लिहावे. दुरुस्तीसाठी दुसऱ्याच्या आवारात शिरावे लागते, तेव्हा त्याची सूचना किती दिवस आधी द्यावी व खणलेली जागा कोणी पूर्ववत करावी, या बारीकसारीक वाटणाऱ्या कलमांवरूनच पुढे भांडणे होतात. नाली उपसण्याचे काम मृग नक्षत्रापूर्वी उरकावे, व पहिल्या दोन-तीन मोठ्या सरींनंतर ती एकदा पुन्हा उपसावी, कारण उन्हाळ्याभरचा पालापाचोळा व धूळ त्याच सरींबरोबर वाहून येते. उपसलेला गाळ कोणाच्या अंगणात टाकायचा, तेही करारात असू द्यावे.